दार उघडं असताना

३ फेब्रुवारी

साहेबांनी सकाळीच बोलावलं आणि म्हणाले, भट्टीची स्पेक बाहेर काढा. एका हॉस्पिटलला नवजात बाळांसाठी काचपेटी हवी आहे. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या समितीपुढे यंत्र उभं करायचं.

"रंग वाळवायच्या भट्टीची स्पेक?" मी विचारलं.

"तापमान सांभाळायचं ना? भट्टी तेच करते, पेटी तेच करते. सिद्ध झालेले नियम आयते पडलेत, पुन्हा अ आ इ ई कशाला गिरवायची? आकडे बदला आणि द्या."

बोलणं अगदीच चुकीचं नाही. एकदा तपासलेलं पुन्हा वापरावं, हे मीच नव्या मुलांना सांगत असते.

ती स्पेक मास्तरांची आहे. मास्तर म्हणजे आमचे जुने सहकारी. शाळेत कधीच शिकवलेलं नाही, पण काहीही विचारलं की खडू घेऊन फळ्याकडे चालू लागायचे, म्हणून हे नाव पडलं. वडिलांची तब्येत बिघडली तेव्हा नोकरी सोडून गावी गेले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या टेबलावर हल्ली प्रिंटर असतो.

फाइल उघडून संध्याकाळपर्यंत वाचत बसले. वाचायला एवढा वेळ लागायला नको होता. पण नीट वाचलेलं बरं.

५ फेब्रुवारी

आईने विचारलं, सध्या काय चाललंय. आई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. तिला अर्धवट सांगितलेलं चालत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगितलं. यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याने काय करायचं आणि काय मेलं तरी करायचं नाही, याचे नियम आम्ही गणिताच्या भाषेत लिहितो. ती झाली स्पेक. मग ते नियम कुठल्याही परिस्थितीत मोडत नाहीत, हे गणितानेच सिद्ध करतो. वारंवार लागणाऱ्या रचनांचे साचे करून ठेवतो, म्हणजे दरवेळी नव्याने घडवावं लागत नाही.

"आणि आता भट्टीचे नियम बाळाला लावणार?"

"तसं नाही गं आई."

"कोणी लिहिलेत?"

मी सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला.

"मग त्यालाच विचार की काय विचारायचं ते."

"गरज नाही. सगळं लिहिलेलं आहे."

आई चष्मा पुसतच राहिली. काच तशी स्वच्छच होती.

११ फेब्रुवारी

काम सरळ चाललंय. भट्टीच्या जागी पेटी लिहिलं, आकडे खाली आणले. 'राखणदार' हा साचा तर जसाच्या तसा बसला. राखणदार म्हणजे एक वेगळा, अगदी छोटा प्रोग्रॅम. मुख्य प्रोग्रॅमने त्याला ठरलेल्या वेळाने 'मी ठीक आहे' असं कळवायचं. कळवलं नाही तर राखणदार सरळ वीज तोडतो. मास्तर फळ्यावर शिकवायचे तेव्हा राखणदाराला मिशा काढायचे.

अडले ते चौदाव्या नियमापाशी. 'दार दीड मिनिटापेक्षा जास्त उघडं राहिल्यास तो बिघाड समजावा. तापवणं बंद करावं. माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत ते पुन्हा सुरू करू नये.'

दीड मिनिटच का? बटण कशाला हवं? दार लागलं की आपोआप सुरू व्हायला काय हरकत होती? लिहिलेलं नाही. खाली नुसता चौकोन आहे, सिद्धता पुरी झाली की शेवटी काढतात तो. मास्तर हा चौकोन फार सावकाश काढायचे, चारही कोपरे जुळवून.

१८ फेब्रुवारी

आज हॉस्पिटलात गेले. चपला बाहेर काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, हिरवा झगा घालून आत सोडतात. खोली उबदार आणि अर्धवट अंधारी आहे. पेट्यांवर चादरी टाकलेल्या असतात, बाळांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. तिथे सगळे हळू बोलतात. मोठ्या सिस्टर सोडून. त्यांचा आवाज मुळातच भारी आहे आणि बाळांना त्याची सवय झाली आहे असं त्या सांगतात.

कोपऱ्यातल्या पेटीपाशी एक अगदी तरुण आई स्टुलावर बसली होती. पेटीच्या बाजूला गोल झडपेचं दार असतं, त्यातून तिने हात आत घातला होता. बाळ तिच्या पंजाएवढंच. त्याने तिचं बोट धरलं होतं. ती हलत नव्हती, फक्त मधूनमधून अंगठ्याने त्याची मूठ चोळत होती.

"किती वेळ बसतात अशा?" मी सिस्टरना विचारलं.

"बसतात की. तासन्‌तास बसतात. उठवावं लागतं जेवायला."

"दार उघडं ठेवून?"

"हात आत आहे म्हटल्यावर दार कसं लावणार?"

मी तिथेच मनात चौदावा नियम लावून पाहिला. दीड मिनिटानंतर यंत्र त्या आईच्या हाताला बिघाड समजेल, तापवणं बंद करील, आणि ती हात काढील तरी पुन्हा सुरू करणार नाही.

गणितात कुठेही चूक नाही. हेच वाईट आहे.

२० फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "दीड मिनिटाचे दोन तास करा."

मी म्हटलं, दोन तासांनंतर काय?

"मग नियम काढून टाका."

तेही करून पाहिलं होतं. चौदावा नियम काढला की राखणदार कोसळतो. दार तेवढा वेळ उघडं असलं की तापवणं बंदच असणार, असं धरून तो त्या वेळात डोळे मिटून बसतो. नियम काढला तर दार उघडं, हीटर चालू आणि राखणदार झोपलेला. शिवाय मास्तर उगाच काही लिहिणाऱ्यांतले नव्हते. कशासाठी तरी लिहिलं असणार, आणि ते कशासाठी हे कळल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही.

"मग विचारा ना त्यांनाच," साहेब म्हणाले. "नंबर असेल तुमच्याकडे."

आहे.

२२ फेब्रुवारी

फोन केला. आधी प्रश्न कागदावर उतरवून घेतले, मग ते परत लिहिले, कारण पहिल्यात 'कसे आहात' हे तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं.

"बोल, शंकासूर," पलीकडून आलं. मी अजून काही म्हटलंही नव्हतं. तपासणीच्या बैठकीत मी प्रत्येक ओळीला शंका काढायचे म्हणून त्यांनी मला हे नाव दिलं होतं. इथे आता ते कोणाला माहीतही नाही.

मी चौदाव्या नियमाचं विचारलं. त्यांनी सांगितलं. ज्या कारखान्यासाठी पहिली भट्टी केली, तिथे एका कामगाराने अडकलेला नग काढायला दारातून हात घातला. दाराच्या खटक्यात एक सळई अडकली होती, त्यामुळे यंत्राला वाटलं दार लागलं. हीटर आपोआप सुरू झाला. मास्तर त्या दिवशी तिथेच उभे होते.

"त्यानंतर लिहिला तो नियम. माणूस येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघत नाही तोवर यंत्राने आपल्या मनाने काही करायचं नाही. दीड मिनिट हा आकडा असाच घेतला."

"हे लिहून का नाही ठेवलं?"

"नियम लिहिला की झालं, असं वाटायचं तेव्हा."

मी त्यांना पेटीपाशी बसलेल्या आईचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या पेटीत बघणारं माणूस आधीपासून दाराशी बसलेलं आहे. मग नियम बदल. त्यामागचं कारण तेवढं जाऊ देऊ नको."

फोन ठेवताना मागून म्हातारा आवाज आला, "कोण आहे रे?" मास्तर म्हणाले, "ऑफिसातली."

बरोबरच आहे. ऑफिसातलीच.

लिहून घेता यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा. पूर्वी खणखणीत होता."

२७ फेब्रुवारी

मास्तरांना संध्याकाळी सहाला फोन केलेला बरा पडतो. तेव्हा त्यांचे बाबा फिरून येऊन चहा घेत असतात. बाबा पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. आता त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, जुनं मात्र अधूनमधून लख्ख आठवतं. मास्तर गावातल्या कॉलेजात तास घेतात आणि उरलेला वेळ घरी असतात.

आज दोन शंका होत्या. दुसरी तशी फारशी मोठी नव्हती.

६ मार्च

आज मध्येच बाबांनी विचारलं, "कोणाशी बोलतोस? ती शंका काढणारी का?"

मास्तर गडबडले. "बाबा, चहा निवतोय."

"तिला घरी आणणार होतास ना? आणली नाहीस ती."

मास्तर म्हणाले, "बाबांचं काही मनावर घेऊ नको. कोणाचं काय कोणाला जोडतील, नेम नाही."

मी म्हटलं, छे, मनावर कसलं घ्यायचं. बाबांना भलत्याच कोणाची तरी आठवण येत असावी. तरी त्या नावाने मला फक्त मास्तरच हाक मारायचे, हे खरं. मग बाबांना ते ठाऊक कसं? बोलता बोलता निघालं असेल कधीतरी.

आईला गंमत म्हणून सांगितलं. तिला हसू आलं नाही.

१२ मार्च

साहेबांना घाई झाली म्हणून जुन्या नियमांसकट पेटीचा नमुना हॉस्पिटलात नेला. बाळाच्या जागी पाण्याने भरलेली रबरी बाहुली ठेवली, ती बाळासारखीच गरम राहते आणि गार होते. मी म्हटलं होतं थांबा. म्हणाले, बाहुलीच आहे, बघू तरी.

मोठ्या सिस्टरनी झडपेतून हात घालून बाहुलीचा लंगोट बदलला, नळी सारखी केली, हात काढला, दार लावलं. यात दीड मिनिट उलटून गेलं. एवढ्यात दुसऱ्या पेटीतल्या बाळाचा श्वास अडखळला आणि सगळे तिकडे धावले. मीही तिकडेच बघत राहिले. ते बाळ सावरेपर्यंत कोणाला दुसरं काही सुचलं नाही.

परत आलो तेव्हा बाहुली गार पडली होती. यंत्र बारीक आवाजात 'बटण दाबा' म्हणून सांगत होतं. तो आवाज भट्टीपाशी चालला असता, तिथे दुसरं काही वाजत नाही. इथे दहा यंत्रं वाजतात.

सिस्टर बाहुलीच्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे घेऊन जा."

साहेब गाडीत म्हणाले, समितीपुढे दार दीड मिनिटाच्या आत लावायचं, म्हणजे झालं. नियम सिद्ध आहेतच, सिद्धतेच्या दाखल्यावर तुमची सही हवी.

मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

"तुमच्या एका शंकेपायी सगळं काम पाण्यात घालू?"

मला जोरात बोलता येत नाही. तेच पुन्हा हळू म्हटलं.  

१३ मार्च

साहेबांनी आज माझ्या टेबलाशी येऊन नुसतं, "चार एप्रिलपर्यंत जमेल?" एवढंच विचारलं. त्यांनाही झोप लागली नसावी. त्यांची धाकटी मुलगी वेळेआधी जन्मली होती, हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनीच सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

मी जमेल म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे. संध्याकाळी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी आहे ना. रोज सहाला बसू."

मी कशाच्या जोरावर म्हणाले होते, ते कळलं.

१९ मार्च

रोज बसतोय. मी इकडे कागदावर, ते तिकडे. त्यांनी घरात भिंतीला फळा लावलाय, खडूचा आवाज फोनवर ऐकू येतो. खडू थांबला की मला कळतं, की त्यांना काहीतरी दिसलंय. मग मीही श्वास रोखून थांबते.

नवा नियम असा घाटतोय: दार उघडं असतानाही तापवणं चालू राहील, पण एका मर्यादेच्या वर नाही. राखणदाराने त्या वेळात डोळे मिटायचे नाहीत. ऐकायला सोपं आहे. सिद्ध करायला घेतलं की चार ठिकाणी उसवतं.

आज काम लवकर आटोपलं. तरी तासभर बोललो. ते कॉलेजातल्या मुलांचं सांगत होते, मी प्रिंटरचं. प्रिंटरवर एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

हल्ली ऑफिसात साडेपाचनंतर माझं कशातच लक्ष लागत नाही. वयोमानाने दमायला होत असेल.

२४ मार्च

मोठी अडचण सापडली. बाळाच्या पोटावर सेन्सर चिकटवलेला असतो, त्याच्यावरून यंत्राला बाळ किती गरम आहे ते कळतं. आईचा हात लागून तो निसटला तर? सेन्सर हवेत लोंबणार, यंत्राला वाटणार बाळ गार पडलं, आणि ते तापवत सुटणार. आत बाळ, आणि बाळाच्या अंगावर आईचा हात.

मी हे वाचून दाखवलं आणि पलीकडे खडू थांबला.

"मास्तर?"

"तोच हात आहे हा," ते म्हणाले. "त्या माणसाचा. मी त्याला भेटायला जायचो नंतर. डाव्या हाताने चहा ओतायचा माझ्यासाठी."

 मी म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून पुढे कोणाचा हात भाजला नाही." हे म्हणायला हवं होतं की नको, अजून कळत नाही.

ते सांगत राहिले. इतक्या वर्षांत हे कोणाशीच बोलले नव्हते. बाहेर अंधारून आलं तरी आम्ही फोनवरच होतो. मग ते एकाएकी म्हणाले, "बाबा कुठे आहेत?" आणि फोन तसाच राहिला. दार आपटल्याचा आवाज आला. मी बराच वेळ कानाला लावून बसले होते. मग लाइन तुटली.

२५ मार्च

दिवसभर काही कळलं नाही. फोन लागत नव्हता. कामावर गेले, आले.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. बाबा सापडले. आम्ही बोलत असताना दार उघडून निघून गेले होते. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्या जुन्या शाळेच्या फाटकाशी उभे होते. घंटा कधी होते म्हणून वाट बघत होते. पाय सोलवटलेत, ताप आहे.

मास्तरांचा आवाज अगदी सपाट होता. म्हणाले, "काही दिवस फोन नको करू. मी बोलायला लागलो की मला कशाचं भान राहत नाही."

मी म्हटलं, "हो. अर्थातच."

"काम तुझं तू पुरं करशील. मला माहीत आहे."

"हो."

आई बाहेरच्या खोलीत होती. मी फोन ठेवल्यावर तिने आत डोकावून पाहिलं आणि दिवा लावून गेली.

२८ मार्च

सहा वाजतात. पूर्वी सहा वाजल्याचं कळायचंही नाही.

काम करते आहे.

३० मार्च

रविवार. आईने विचारलं, "इतकी वर्षं नव्हता, तेव्हा कशी राहिलीस?"

"कोण नव्हता?"

आई पेपर वाचू लागली.

खरं तर मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर आलं ते असं, की तेव्हा ते नसायचे ते एकदाच गेल्यासारखे नसायचे. आता रोज नसतात. हे लिहून वाचलं तर अर्थ लागत नाही. राहू दे.

१ एप्रिल

सुटलं.

सेन्सर दोन ठेवायचे. एक पोटावर, एक पाठीखाली गादीत. दार उघडं असताना राखणदाराने दोघांना विचारत राहायचं. दोघांचं जुळतं तोवर बेताचं तापवणं चालू. दोघांत तफावत पडली, की कोण खरं बोलतोय याचा निवाडा यंत्राने करायचाच नाही. हीटर बंद, मोठ्याने घंटा, आणि माणूस येऊन बघेपर्यंत थांबायचं. चौदाव्या नियमात मास्तरांनी जे सांगितलं होतं, तेच. फक्त ते कुठे लावायचं ती जागा बदलली.

सिद्धता पहिल्या फटक्यात उतरली. मी तीनदा तपासली, माझा माझ्यावर विश्वास नव्हता. नंतर प्रत्येक नियमाखाली तो का आहे ते साध्या भाषेत लिहिलं. चौदाव्याखाली त्या कामगाराचं लिहिलं, आणि कोपऱ्यातल्या त्या आईचंही. उद्या कोणी ही स्पेक तिसऱ्याच यंत्राला लावील. त्याला फोन करायला माणूस नसेल.

मग हात फोनकडे गेला. पुन्हा मांडीवर ठेवला.

४ एप्रिल

समितीने पसंत केलं. मोठ्या सिस्टरनी बाहुलीचा सेन्सर आपणहून ओढून काढला, घंटा वाजली, त्यांनी मान हलवली. साहेबांनी भाषण ठोकलं. त्यात 'पुनर्वापर' हा शब्द सारखा येत होता. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाले, "सही केली नाहीत ते बरं केलंत." साहेबांकडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

मास्तरांना एका ओळीचा निरोप पाठवला: चौदावा सिद्ध झाला. दोन सेन्सर.

उत्तर आलं: चौकोन नीट काढ.

दिवसभरात तो बऱ्याच वेळा वाचला. त्यात वाचण्यासारखं काही नाही.

९ मे

आज पहिल्यांदा आमच्या पेटीत खरं बाळ ठेवलं. मी झगा घालून भिंतीशी उभी होते. त्याच्या आईला सिस्टरनी स्टूल दिलं, झडप उघडून दिली. तिने भीत भीत हात आत घातला. नुसतं एक बोट त्याच्या पायाला लावलं.

दीड मिनिट झालं. मग पाच. मग मी घड्याळ बघायचं सोडलं. पडद्यावरचा तापमानाचा आकडा जागचा हलला नाही. कुठलीही घंटा झाली नाही. ती बाई हळूहळू सैलावली, खांदे खाली आले, आणि तिने पेटीच्या काचेला कपाळ टेकवलं.

मास्तरांनी हे बघायला हवं होतं. एवढं एकच सारखं मनात येत होतं. ते इथे शेजारी उभे असते तर काही बोलले नसते. मीही नसते बोलले.

सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्हाला काय झालं? चाललंय ना नीट?"

"नीट चाललंय."

"मग डोळे पुसा. झग्याच्या बाहीला नका पुसू, पुन्हा हात धुवावे लागतील."

११ मे

आज रविवार. आई नाश्त्याला म्हणाली, "माझी बहीण येते म्हणतेय राहायला. महिनाभर तरी राहील."

"मावशी? अचानक?"

"अचानक कसली, मी बोलावली. तू कधीपासून रजा घेतली नाहीस."

"रजा घेऊन काय करू?"

आई माझ्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, "मी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडले. तुझाही मीच जोडू का?"

मी ताटली उचलून आत गेले. नळ सोडून उभी राहिले. ताटली कधीच धुऊन झाली होती.

सहाला फोन केला. कागदावर काही लिहून घेतलं नव्हतं.

बाबांनी उचलला. "कोण?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. मग म्हटलं, "मी. शंका काढणारी."

"हां," बाबा म्हणाले. "तो इथेच आहे. रोज या वेळेला इथे येऊन बसतो. कोणाचा फोन येत नाही, तरी बसतो. मी सांगतो त्याला, जा, हिंडून ये."

मागे खुर्ची सरकली. मास्तरांनी फोन घेतला.

"बोल. काय अडलं?"

"काही नाही अडलं. बाबांचे पाय?"

"बरे आहेत. दाराला वरून कडी लावलीय. पेटी?"

"चालू आहे."

मग पुढे काही नव्हतं. कामाचं सगळं संपलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही नसता ते मला चालत नाही."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. मग ते हळू म्हणाले, "मला इथून हलता येणार नाही. बाबांना सोडून मी..."

"माहीत आहे."

"मग?"

"मग मी येते."

"इकडे?"

"हो."

"किती दिवस?"

"ते ठरवलेलं नाही."

बाबा मागून विचारत होते, कोण येतंय, कोण येतंय. मास्तरांनी त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. परत आले तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, पण सपाटही नव्हता.

"सकाळच्या गाडीने ये," ते म्हणाले. "दुपारच्या गाडीत फार ऊन लागतं. आणि उजवीकडची खिडकी घे. शेवटच्या वळणाला नदी दिसते त्या बाजूने."

मी म्हटलं, घेईन. त्यानंतरही फोन कोणीच ठेवला नाही.